दोन कॅरेटची ती अंगठी घ्यायची का? आधी खडा उतरवा

प्रश्न असा आला आहे: ‘आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुलाचा साखरपुडा ठरलाय. ओळखीचं एक कुटुंब त्यांच्याकडची हिऱ्याची अंगठी विकतंय. २.०३ कॅरेटचा गोल हिरा, रंग डी, शुद्धता आयएफ, टाइप टू ए, १८ कॅरेट सोन्यात. जीआयए या हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं २००९ चं सर्टिफिकेट दाखवलं. हिरा मुळात आजीच्या दागिन्यातला, गोवळकोंड्याचा, असं सांगतात. घरात त्याला ब्लू जागरही म्हणतात. २२ लाख मागताहेत. दुकानात असा ४० लाखांतही मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या सराफाने पेन लावून हिरा खरा असल्याचं सांगितलं. शनिवारपर्यंत कळवायचं आहे. घ्यावी का?’

शनिवारची मुदत आधी बाजूला ठेवा. डी म्हणजे रंगात सगळ्यात वरची पायरी, आयएफ म्हणजे आतून अगदी स्वच्छ; टाइप टू ए चं पुढे सांगते. कागदावर लिहिलंय तसाच खडा असेल तर २२ लाख त्याला कमीच आहेत. असा हिरा मुंबईत बीकेसीला भारत डायमंड बोर्समध्ये, म्हणजे हिऱ्यांच्या बाजारात, नेला तर घेणारा शोधायला चार दिवस लागत नाहीत. मग ती मंडळी तुमच्याकडे का आली? याचं उत्तर अगदी प्रामाणिक असू शकतं. सामान्य माणसाला बोर्सचा दरवाजा ठाऊक नसतो, दलालाची धास्ती असते, घरातली वस्तू विकतोय याचा बोभाटा नको असतो. तरीही हा प्रश्न विचारा, आणि उत्तर शांतपणे ऐकून घ्या. घाई का आहे, तेही विचारा.

मी १९९० साली ऑपेरा हाउसच्या एका हिऱ्यांच्या ऑफिसात असॉर्टर म्हणून टेबलावर बसले. ठाण्याहून दादरला गाडी बदलायची, चर्नी रोडला उतरायचं आणि दिवसभर पांढऱ्या कागदावर चिमट्याने बारीक माल वेगळा करायचा. २०१० नंतर बाजार बीकेसीला सरकला, त्याच्या मागोमाग मीही गेले. आता नौपाड्यात घरी बसून मूल्यांकनाची कामं करते. तुम्ही लिहिलीत तशी अंगठी वर्षातून आठ-दहा वेळा माझ्यासमोर येते, आणि ‘दुर्मिळ’ हा शब्द जवळपास प्रत्येकीसोबत येतो. कधी कधी तो खराही असतो. म्हणून मी आधीच नको म्हणत नाही.

तुमच्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे सर्टिफिकेटचं साल. २००९ मध्ये दोन कॅरेटचा, डी रंगाचा, इतका स्वच्छ सीव्हीडी, म्हणजे यंत्रात तयार केलेला, हिरा बाजारात नव्हता. लोक ज्याला लॅबग्रोन म्हणतात त्याला आमच्याकडे सरसकट सीव्हीडी म्हणतात; त्या वेळी तो माल छोटा, बहुतेक रंगाची छटा असलेला आणि फारच थोडा होता. त्यामुळे जीआयएने २००९ साली ज्या खड्याला हा कागद दिला तो खाणीतला, याबद्दल मला शंका नाही. शंका एकाच जागी आहे. आज त्या अंगठीत बसलेला खडा तोच आहे का? गोवळकोंडा, टाइप टू ए, ४० लाख, हे सगळं त्यानंतर.

कागद तपासणं सोपं आहे. जीआयएच्या संकेतस्थळावर रिपोर्ट चेक नावाची सोय आहे, तिथे रिपोर्टचा नंबर टाकला की वजन, मापं, रंग, शुद्धता समोर येते. हातातल्या कागदाशी एकेक ओळ पडताळा. गोल हिऱ्याला कटची ग्रेड जीआयए २००६ पासून देते, म्हणजे २००९ च्या कागदावर ती असायला हवी. टाइप टू ए हे मात्र नेहमीच्या रिपोर्टवर नसतं. त्यासाठी जीआयए वेगळं पत्र देते. ते पत्र त्यांच्याकडे आहे का, विचारा. नसेल तर टाइप टू ए हे सध्या फक्त तोंडी आहे, असं धरा.

कागद खरा निघेल, असंच मी धरून चालते. अडचण खऱ्या कागदासोबत दुसराच खडा फिरतो त्याची आहे. हिऱ्याच्या कडेवर, म्हणजे गर्डलवर, लेसरने रिपोर्ट नंबर कोरलेला असतो आणि लोकांना वाटतं की नंबर जुळला म्हणजे झालं. नंबर कोरणारं लेसर काही एकट्या जीआयएकडे नाही. नैसर्गिक हिऱ्याचा नंबर कोरलेले सीव्हीडी खडे जीआयएच्याच प्रयोगशाळांत पकडले गेले आहेत, आणि ते वजनाला, मापाला मूळ खड्याच्या जवळ जातील असे मुद्दाम घडवलेले होते. उलट बाजूही सांगते. पूर्ण ग्रेडिंग रिपोर्टसोबत नंबर कोरून घेणं ऐच्छिक असतं. त्यामुळे २००९ च्या खड्यावर नंबर नसला तर एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही. कागदावर ‘इन्स्क्रिप्शन’ लिहिलंय आणि खड्यावर नाही, असं असेल तर मात्र तिथेच थांबा.

इथे एक गोष्ट लोकांना उलटी वाटते. खडा शुद्धतेत जितका वर, तितका तो ओळखायला अवघड. आयएफच्या खालच्या व्हीएस किंवा एसआय पायरीच्या खड्यात एखादा बारीक स्फटिक, एखादी पिसासारखी रेघ असते आणि रिपोर्टवर तिचा नकाशा लाल खुणांनी काढलेला असतो. ती त्या खड्याची जन्मखूण. दहापट मोठं दाखवणाऱ्या आयग्लासखाली ती तिथेच, त्याच पैलूखाली दिसली की खडा तोच. आयएफमध्ये आत काहीच नाही, तर जुळवायचं काय? नकाशा कोरा. अशा वेळी गर्डलवर बघायचं. कधी कधी कारागीर वजन वाचवण्यासाठी कच्च्या खड्याची मूळ साल कडेला तीळभर ठेवून देतो. रिपोर्टवर ती हिरव्या रेघेत दाखवतात. जादा पैलू असेल तर तो काळ्या रेघेत. तुमच्या कागदावर अशी एखादी हिरवी किंवा काळी खूण असेल तर ती सोन्यासारखी आहे. नीट बघा आणि मलाही कळवा.

अशाच हिरव्या खुणेने एकदा मला वाचवलं. करोनाच्या आधीची गोष्ट. कळव्याचं एक जोडपं दीड कॅरेटचा खडा घेत होतं. सोमवारी मी तो सुटा बघितला, कागदाशी जुळला, कडेला साल होती, तिच्यावर त्रिकोणी बारीक खळगे होते, निसर्गानेच पाडलेले. गुरुवारी विकणाऱ्याने तोच खडा अंगठीत बसवून आणून दिला. जोडपं पैसे द्यायच्या तयारीत. मी सवयीने आयग्लास लावला आणि प्रॉन्गच्या, म्हणजे खडा धरून ठेवणाऱ्या दातांच्या, मधली कड फिरवून बघितली. साल नाही. पुन्हा फिरवली, अंगठी रिठ्याच्या गरम पाण्यात धुऊन पुन्हा बघितली. साल प्रॉन्गखाली गेली असेल, असं विकणारा म्हणाला. मग प्रॉन्ग उघडूया, असं मी म्हटलं. त्याने अंगठी डबीत ठेवली आणि नंतर फोन करतो म्हणून गेला. तो फोन आला नाही. सोमवारी सुटा बघितलेला खडा मी माझ्या समोर बसवायला लावला नाही, ही माझी चूक होती, आणि तेव्हापासून मी ती केलेली नाही.

आता सराफाच्या पेनाबद्दल. ते पेन उष्णता किती वेगाने वाहते ते मोजतं. काच आणि झिरकॉन त्यात पकडले जातात. सीव्हीडी मात्र कार्बनच आहे, हिराच आहे, त्यामुळे पेन त्याला हिराच म्हणणार. साधं पेन तर हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसनाइटलाही हिरा म्हणतं. सराफ खोटं बोलले नाहीत. पेनाला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर त्यांनी तुम्हाला सांगितलं. खाणीतला की यंत्रातला, हे पेनाला विचारताच येत नाही. काही पेढ्यांवर आता स्क्रीनिंग मशीन असतं आणि ते जास्त कामाचं आहे, पण तुमच्या बाबतीत तेही अडखळेल. याचं कारण टाइप टू ए.

बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन असतो आणि स्क्रीनिंग मशीन मुख्यतः त्याचीच खूण शोधतं. खूण दिसली की ‘पास’. टाइप टू ए म्हणजे ज्यात नायट्रोजन मोजण्याइतकाही नाही असा हिरा. खाणीतल्या हिऱ्यांत असे १ ते २ टक्केच निघतात, म्हणून तो शब्द विकणाऱ्याच्या तोंडी गोड लागतो. पण सीव्हीडी जवळजवळ सगळेच टाइप टू ए असतात. म्हणून अशा खड्याला मशीन ‘पास’ देत नाही. ‘पुढे तपासा’ सांगतं. उद्या कुणी म्हणालं की हा टाइप टू ए आहे आणि आमच्या मशीनने पासही केला, तर दोन्हींतलं एक काहीतरी चुकतंय. आणखी एक गोष्ट: खाणीतला तपकिरी टाइप टू ए हिरा प्रचंड दाब आणि उष्णता देऊन पांढरा करता येतो. ही प्रक्रिया १९९९ पासून बाजारात आहे. असा खडा नैसर्गिकच, पण प्रक्रिया केलेला, आणि त्याची किंमत खूप खाली. २००९ च्या जीआयए कागदावर तसा शेरा नसेल तर तो खडा या शंकेतून सुटला, पण पुन्हा तेच: तोच खडा असेल तर. थोडक्यात टाइप टू ए म्हटल्यावर तपासणी कमी करायची नसते, वाढवायची असते.

गोवळकोंड्याचं काय? नावाला वजन आहे, आणि ते खरं आहे. हिरे निघायचे कृष्णेच्या खोऱ्यात, कोल्लूरसारख्या खाणींत, आणि विकले जायचे गोवळकोंड्याच्या बाजारात, म्हणून हे नाव. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा जवळजवळ आपल्याकडूनच जायचा. पण खडा बघून तो याच खाणीतला, असं शपथेवर सांगेल अशी प्रयोगशाळा नाही. फार तर ‘त्या प्रकारचा’ म्हणतात. दुसरं, जुने गोवळकोंडा हिरे जुन्या घाटाचे असतात: चपटे, टेबल कट, मुघल घाटाचे, उंच माथ्याचे. आजचा ५७-५८ पैलूंचा गोल ब्रिलियंट ज्या प्रमाणांवर उभा आहे ती मार्सेल टोल्कोव्स्कीने १९१९ साली मांडली. तुमच्या कागदावर ‘राउंड ब्रिलियंट’ आणि कट ‘एक्सलंट’ असेल तर हा घाट आधुनिक आहे. म्हणजे आजीचा खडा नंतर कुणीतरी पुन्हा पैलू पाडून घेतला, किंवा आजीची गोष्ट दुसऱ्या खड्याची आहे. पैलू पाडून घेतला असेल तर कधी, कुठे, मूळ वजन किती होतं, हे घरात कुणाला तरी आठवेल. विचारा.

आणि ब्लू जागर? हे नाव ऐकलं की मला माझ्या आजेसासूबाईंची सात-सात खड्यांची कुडी आठवते. आपल्याकडच्या जुन्या घरांत ब्लू जागर म्हणजे मान. ते नाव दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफॉन्टेन खाणीवरून आलं. तिथल्या उत्तम पांढऱ्या हिऱ्यांना उन्हात निळसर झाक यायची. ती झाक येते फ्लुरोसन्समुळे, म्हणजे अतिनील प्रकाशात खडा निळा उजळतो म्हणून. ही खाण १८७० च्या सुमाराची, आणि तिचा कृष्णेच्या खोऱ्याशी काही संबंध नाही. शिवाय निळा फ्लुरोसन्स सहसा नायट्रोजनच्या एका रचनेमुळे येतो, तर टाइप टू ए ची ओळखच नायट्रोजन नसणं ही. मग एकाच खड्याला गोवळकोंडा, टाइप टू ए आणि ब्लू जागर ही तिन्ही नावं कशी चिकटली? त्या घरात कुणी लबाडी करतंय, असं मी म्हणत नाही. पिढ्यापिढ्यांच्या आठवणी अशाच एकमेकींत मिसळतात. पण रिपोर्टवर फ्लुरोसन्सची एक ओळ असते, तिथे ‘नन’ लिहिलंय की ‘स्ट्राँग ब्लू’, एवढं बघा. ‘स्ट्राँग ब्लू’ असेल तर आजच्या बाजारात डी रंगाच्या खड्याची किंमत त्यामुळे उतरते, वाढत नाही. आजीच्या काळी उलट होतं. मला स्वतःला तो निळेपणा आवडतो. खडा दुधाळ दिसत नसेल तर डोळ्यांना त्यात काही वाईट नाही, आणि जीआयएने १९९७ साली केलेल्या अभ्यासातही साध्या लोकांना फरक सांगता आला नव्हता. घालायला घेणाऱ्याने त्याला नाक मुरडू नये, भाव मात्र त्याप्रमाणे करावा.

कुडीचं निघालंच आहे तर एक सांगते. त्या कुडीवर मी निळा टॉर्च मारला तेव्हा चौदापैकी पाच खडे लख्ख निळे पेटले, चार मंद, बाकीचे काळोखात. असं कमी-जास्त पेटणं हे खाणीतल्या मालाचं लक्षण. तुमच्या अंगठीत मधल्या खड्याच्या बाजूला बारीक हिरे असतील तर त्यांच्यावर हा टॉर्च मारून बघण्यासारखं आहे. मधल्या एकट्या खड्यावर तो काही सिद्ध करत नाही.

आता मुख्य काम. खडा अंगठीतून उतरवायचा. बसलेल्या खड्याची पूर्ण ग्रेडिंग होत नाही. पिवळ्या सोन्याचा पिवळेपणा खड्यात उतरतो, त्यामुळे तो डी आहे की तीन पायऱ्या खालचा जी, हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. वजन करता येत नाही. प्रॉन्गखाली काय आहे ते दिसत नाही. जी माणसं अंगठीत बसलेला खडा हातात फिरवून ‘डी आहे, डी आहे’ म्हणतात, त्यांचं मनावर घेऊ नका.

उतरवणं म्हणजे काय, ते सांगते, म्हणजे विकणाऱ्यांची भीतीही कमी होईल. नौपाड्यात किंवा जांभळी नाक्याच्या बाजूला जडाईचं काम करणारे कारागीर आहेत. दोघांनीही, घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने, समोर बसायचं. कारागीर अंगठी लाखेत घट्ट बसवतो, पातळ पोलादी हत्याराने एकेक प्रॉन्ग बाहेर ढकलतो, आणि खडा अलगद वर येतो. खालून बघाल तर दचकाल: हिऱ्याला तेल-मेण फार चटकन चिकटतं, त्यामुळे वर्षानुवर्षांचा साबण, क्रीम, कणकेचा थर मागच्या बाजूला राखाडी होऊन बसलेला असतो. तो धुतला की खड्याचं पाणी एकदम खुलतं. जुन्या अंगठीचे प्रॉन्ग झिजलेले असतात, एखादा तुटूही शकतो. तो पुन्हा लावायचा खर्च फार नसतो. तुम्ही देईन असं आधीच कबूल करा, म्हणजे विकणाऱ्याला नाही म्हणायला कारण उरत नाही. एवढं करूनही ते उतरवू देत नसतील तर हा व्यवहार सोडून द्या. कारण विचारत बसू नका.

सुटा खडा हातात आला की तीन मापं घ्यायची. कॅरेट काट्यावर वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यामुळे घरातला किंवा सोन्याचा काटा इथे चालत नाही. मग गेजने व्यास आणि उंची. समजा रिपोर्टवर ८.१४ ते ८.१८ व्यास आणि ५.०१ मिलिमीटर उंची आहे. सरासरी व्यास ८.१६; त्याचा वर्ग, गुणिले ५.०१, गुणिले ०.००६१ केलं की २.०३ च्या आसपास येतं. म्हणजे कागद स्वतःशी तरी जुळतो. प्रत्यक्ष खड्याचं माप दुसऱ्या दशांशापर्यंत जुळायला हवं. जमल्यास सरीन काढून घ्या. ते यंत्र खड्याचे सगळे कोन, टेबलची टक्केवारी, गर्डलची जाडी मोजून देतं. दोन खडे वजनाला सारखे करता येतात, व्यासालाही. सगळे कोन तंतोतंत सारखे करणं फार अवघड.

इथेच आणखी एक गोष्ट बघा, कारण तिचा पैशाशी थेट संबंध आहे. २००९ ला आयएफ असलेला खडा आज आयएफ राहिलाय का? हिरा ओरखडत नाही म्हणतात, पण हिऱ्याला हिरा ओरखडतो. कपाटातल्या एकाच डबीत दोन अंगठ्या वर्षानुवर्षं पडून असल्या की पैलूंच्या धारा बोथट होतात. ओट्यावर, नळावर आपटून गर्डलला टवका उडतो. बारीक टवका असला तरी आयएफ जातो. पुन्हा पॉलिश करून तो परत आणता येतो, पण पॉलिशला वजन लागतं, आणि तुमच्या खड्याला दोन कॅरेटच्या वर फक्त ३ सेंटची, म्हणजे ०.०३ कॅरेटची, गादी आहे. पॉलिश करून खडा १.९८ झाला तर दर कॅरेटमागचा भावच बदलतो, बाजारात २.०० ची रेघ फार कडक आहे. ऑपेरा हाउसला आमचे शेठ अशा खड्याला ‘काठावरचा’ म्हणायचे आणि पॉलिशला पाठवण्याआधी दोन दिवस विचार करायचे. तुमच्या खड्याला टवका निघाला तर भाव करताना ही गोष्ट मोकळेपणाने बोला.

माझं किंवा आणखी कुणाचं डोळ्यांनी बघणं इथवरच. शेवटचा शब्द प्रयोगशाळेचा. जीआयएची प्रयोगशाळा बीकेसीतच आहे. ठाण्याहून कुर्ल्याला उतरून रिक्षा केली की झालं. नोंदणी आणि ओळखीची कागदपत्रं लागतात. जमत नसेल तर विश्वासाच्या सराफामार्फत पाठवता येतो. नवीन रिपोर्ट मागा, जुन्याची प्रत नव्हे, आणि सोबत टाइपचं पत्रही मागा. मधल्या काळात खडा कुणाच्या ताब्यात आहे याची लेखी चिठ्ठी हवी. आमच्या बाजारात याला जांगड म्हणतात: माल फक्त बघायला दिलाय, विकलेला नाही, मालकी देणाऱ्याचीच. त्यावर वजन, मापं, रिपोर्ट नंबर, तारीख, दोघांच्या सह्या. जमेल तर प्रयोगशाळेत द्यायला आणि परत आणायला दोघंही एकत्र जा. विसार द्यायचाच असेल तर छोटा द्या, चेकने, आणि चिठ्ठीत लिहून घ्या की प्रयोगशाळेने खडा लॅबग्रोन किंवा प्रक्रिया केलेला ठरवला, अथवा तो जुन्या रिपोर्टचा नाही असं निघालं, तर विसार परत.

पैशाचं थोडक्यात. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, आणि रोख घेणाऱ्याला, म्हणजे इथे विकणाऱ्याला, तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणून सगळं बँकेतून, पॅन नंबरासह. ‘अर्धे रोख दिलेत तर दोन लाख कमी’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. घरगुती विक्रीवर जीएसटी येत नाही, पण विकणाऱ्याला भांडवली नफ्यावरचा कर लागू शकतो. त्यांनी त्यांच्या सीएला विचारावं. अंगठी आजीची, मग आज मालक कोण? भावंडं, मावश्या, आत्या असतील तर त्यांची लेखी संमती घ्या. हिऱ्यावरून पुढे दोन घरांत वैर आलेलं मी बघितलंय, आणि त्यात घेणारा फुकट भरडला जातो. हॉलमार्कचं फार मनावर घेऊ नका. हॉलमार्कचा सहा अक्षरी एचयूआयडी नंबर २०२१ पासूनचा, जुन्या अंगठीवर तो नसणारच. सोनं १८ कॅरेटचं आहे का ते तपासून घ्या. २२ लाखांत त्याचा वाटा एवढासा आहे.

गुंतवणूक म्हणून घ्यायची असेल तर माझं मत नाही असंच आहे. सोन्याला रोजचा भाव आहे, हिऱ्याला नाही. व्यापारी रॅपच्या, म्हणजे रॅपापोर्टच्या, भावयादीवरून वटाव, म्हणजे सूट, धरून बोलतो, आणि तुम्ही विकायला गेलात की तो वटाव तुमच्या अंगावर येतो. दागिन्यावर कर्ज देतानाही फक्त सोनं मोजतात, खडा मोजत नाहीत. सुनेच्या बोटात चांगला खडा असावा, तो पुढे नातीला जावा, या इच्छेने घेत असाल तर खुशाल घ्या. तेवढ्यासाठी डी-आयएफच हवा, असंही नाही. जी रंगाचा व्हीएस वन खडा बोटात डोळ्यांना तितकाच पाणीदार दिसतो, आणि राहिलेल्या पैशांत लग्नाचं बरंच काही होतं. हे मी माझ्या मुलाच्या वेळीही केलं.

आणि एक गोष्ट विकणाऱ्यांसाठी. नवीन रिपोर्ट आला आणि खडा खरंच डी, आयएफ, टाइप टू ए निघाला, तर तो त्यांनाही दाखवा आणि त्यांना बोर्समधल्या दोन-तीन व्यापाऱ्यांकडून भाव काढू द्या. कदाचित २२ च्या वर जावं लागेल. ओळखीचं घर आहे, उद्या रस्त्यात भेटणार आहात. त्यांनी अज्ञानापोटी कमी घेतले, हे तुम्हालाच बोचेल. आणि तोच खडा नाही असं निघालं, तरीही त्यांच्यावर लगेच आरोप करू नका. मधल्या काळात दुरुस्तीला, पॉलिशला, साइज करायला अंगठी कुठे दिली होती, ते आठवायला सांगा. बहुतेक वेळा बदल तिथेच झालेला असतो आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो. खडा सीव्हीडी असेल तर बाजारात त्याची किंमत लाखाच्या कितीतरी आत आहे. त्यांना हा धक्का तुमच्याहून मोठा असेल.

सगळं जमून आलं तर पुन्हा जडवताना त्याच कारागिराकडे, तुमच्या डोळ्यांदेखत जडवा. दोन कॅरेटला चार प्रॉन्ग पुरतात, पण रोज घालायची असेल तर सहा करून घ्या. एखादा झिजला तरी खडा पडत नाही. जडवल्यावर लगेच आयग्लासखाली कड आणि नंबर बघा, मगच डबी बंद करा.

त्यांना आज फोन केलात तर एवढंच विचारा: खडा उतरवून बघायला तुमची हरकत नाही ना? हो म्हणाले तर सकाळी अकराच्या सुमाराला या, ढग नसतील असा दिवस बघून. माझ्या खिडकीत तेव्हा उत्तरेचा स्वच्छ उजेड असतो, रंग त्याच उजेडात बघायचा. रिपोर्टची मूळ प्रत आणा, झेरॉक्स नको.